आठवड्यातले तीन दिवस

"अगं, पीएच.डी. झाली ना एकदाची? मग आता ही आणखी कसली उमेदवारी?"

सासूबाईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी वालाच्या डाळिंब्या सोलत बसले होते. रविवारची सकाळ होती. माझी धाकटी जाऊ हातात मोबाइल घेऊन उभी होती आणि तिच्या कडेवर चौदा महिन्यांचं बाळ. नवी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेचं पत्र तिला आलं होतं. 'पोस्ट-डॉक्टरल फेलो' म्हणून तिची निवड झाली होती. विषय होता रक्ताच्या कर्करोगाचं जनुकशास्त्र. मुदत दोन वर्षांची, पण पहिल्या वर्षाचं काम पाहून दुसरं मिळणार. रुजू व्हायला एक महिना.

घरात क्षणभर कुणीच बोललं नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. मामंजींनी ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा काढायला घेतल्या. भावजी म्हणाले, "मी काय, हो म्हणेन. पण बाळाचं काय?" आमचे हे वर्तमानपत्राच्या आड गेले. मला कुणीच काही विचारलं नाही. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, सगळे माझ्याकडेच बघत होते.

त्याचं कारण तुम्ही ओळखलं असेल. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. साडेबाराला घरी येते. माझी दोन मुलं आता सातवीत आणि चौथीत आहेत, म्हणजे हाताशी आलेली. मग दुपारी मोकळं कोण? मी!

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्या मनात आलेला पहिला विचार काही आनंदाचा नव्हता. पुन्हा दुपट्याच्या घड्या, पुन्हा मऊ भात, पुन्हा दुपारच्या झोपेला रजा, हेच आधी डोळ्यांपुढे आलं. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट टोचत होती. बी.ए. झाल्यावर मी एम.ए.ला नाव घातलं होतं. थोरल्याच्या वेळी दिवस राहिले आणि ते सोडलं. तेव्हा "तू परीक्षेला जा, मी बघते बाळाला," असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. मग मीच का म्हणायचं?

त्या रात्री भांडी आवरताना जाऊ माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता विनवणी करणार. पण तिने तसलं काही केलं नाही. म्हणाली, "वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग नाही. पण एक गोष्ट सांगते, ती ऐका." आणि तिने मला शिकागोच्या एका बाईची हकीकत सांगितली. मी नंतर स्वतः मिळेल ते वाचून काढलं. तीच हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

तंबोऱ्यावर बसण्याची वर्षं

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण तो तुमच्याही मनात असेल.

गाणं शिकलेली मुलगी शिक्षण संपल्याबरोबर स्वतःची मैफल करत नाही. काही वर्षं ती गुरूंच्या मागे तंबोरा घेऊन बसते. मध्येच एखादी जागा घेते. गुरूने मान डोलावली तर पुढच्या वेळी चार ओळी जास्त गाते. हळूहळू लोक तिचं नाव विचारू लागतात. संशोधनातली पोस्ट-डॉकची जागा साधारण अशीच असते. पीएच.डी. झालेली व्यक्ती दुसऱ्या अनुभवी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दोन-चार वर्षं काम करते. प्रयोगशाळा त्यांची, पण शोधायचा प्रश्न हळूहळू तिचा स्वतःचा होत जातो. याच काळात केलेल्या कामावर तिला पुढे कायमची जागा मिळते किंवा मिळत नाही.

आणि ही वर्षं नेमकी कधी येतात? तिशीच्या आगेमागे. म्हणजे लग्न, बाळंतपण, पाळणा आणि बालवाडी यांच्या ऐन गर्दीत. पुरुषालाही संसार असतोच, पण त्याच्या पोस्ट-डॉकच्या वेळी 'बाळाचं काय' असं विचारून घरात कुणी गप्प होत नाही.

एक सूक्ष्मदर्शक, एक अंधारी खोली आणि दाईचा पगार

त्या बाईंचं नाव जॅनेट राउली. जन्म ५ एप्रिल १९२५ चा, न्यूयॉर्कमधला. दोन वर्षांच्या असताना घरचे शिकागोला आले. आई शाळेत इंग्रजी शिकवायची. हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. मुलगी हुशार. पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून शिकागो विद्यापीठात दाखल झाली. पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलं. पण त्या काळी तिथे वैद्यकीय वर्गात ६५ विद्यार्थ्यांमागे मुलींना जागा फक्त तीन! त्या भरल्या होत्या, म्हणून पात्र असूनही नऊ महिने थांबावं लागलं. १९४८ साली डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लग्न केलं. नवराही डॉक्टर, डोनाल्ड राउली. यथावकाश चार मुलगे झाले.

आता पुढचं लक्ष देऊन वाचा. जॅनेटबाईंनी काम सोडलं नाही, पण पूर्ण वेळही केलं नाही. मुलं लहान असताना त्या आठवड्यातले जवळजवळ तीनच दिवस काम करत. उरलेले दिवस घरी. बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या एका दवाखान्यात त्या जात. तिथे डाउन सिंड्रोमची मुलं असत. अशा मुलांच्या पेशीत एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं, हे पॅरिसमधल्या शास्त्रज्ञांनी १९५९ साली दाखवलं. त्यामुळे गुणसूत्र या विषयाचं कुतूहल बाईंच्या मनात शिरलं.

१९६१ साली नवऱ्याला वर्षभर संशोधनासाठी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला जायचं होतं. सगळं बिऱ्हाड निघालं. आपल्यातल्या कितीजणी नवऱ्याच्या बदलीबरोबर गाव बदलतात आणि नव्या गावात पडदे लावण्यात वर्ष जातं! जॅनेटबाईंनी त्या वर्षासाठी शिष्यवृत्ती मिळवली आणि तिथल्या प्रयोगशाळेत गुणसूत्रांचं काम शिकून घेतलं.

१९६२ साली परत आल्यावर त्या शिकागोतले ज्येष्ठ रक्तरोगतज्ज्ञ लिऑन जेकबसन यांच्याकडे गेल्या. मागणी साधी होती. इंग्लंडमध्ये सुरू केलेलं काम मला पुढे न्यायचं आहे, अर्धा वेळ येईन. एक सूक्ष्मदर्शक द्या आणि फोटो धुवायला एक अंधारी खोली. आणि हो, पगारही द्या, निदान मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे पैसे निघतील इतका!

जेकबसन हो म्हणाले.

तेव्हा बाईंचं वय ३७. नावावर मोठा शोध नाही, घरी लहान मुलं, आणि मागणी अर्ध्या वेळाची. नाही म्हणायला किती कारणं होती! त्यांनी 'हो' म्हणून आपल्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांची गुणसूत्रं बघायला बाईंना सांगितलं. ही झाली त्यांची उमेदवारीची जागा.

पेशीतल्या साड्या

गुणसूत्रं म्हणजे काय, हे मला जावेने डाळिंब्यांच्या ताटापाशी बसून समजावलं. तसंच तुम्हाला सांगते.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची. आकाराप्रमाणे त्यांना साधारण नंबर दिले आहेत, एक नंबर सर्वांत मोठं. प्रत्येक गुणसूत्रावर शेकडो जनुकं म्हणजे पेशीने काय करावं याच्या सूचना. पेशीने कधी वाढावं, कधी थांबावं, हेही त्यांत आलं.

ही गुणसूत्रं दिसतात ती पेशी दुभंगत असताना. म्हणून रक्तातल्या किंवा हाडाच्या मगजातल्या पेशी आधी वाढवतात आणि ऐन दुभंगताना त्यांना थांबवतात. त्यासाठी वापरतात कोल्चिसिनच्या जातीचं द्रव्य. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात असतं तेच हे विष. मग त्या पेशी पातळ द्रवात ठेवल्या की पाणी पिऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या टम्म फुगतात आणि आतली गुणसूत्रं सुटी होतात. त्यानंतर काचेवर थेंब सोडायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा. ऐकायला सोपं, पण एकेका रुग्णाच्या कित्येक पेशी अशा पाहाव्या लागतात. वाल सोलताना जसा नेटाने एकेक दाणा घ्यावा लागतो, तसंच ते काम.

१९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या दोघांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया', म्हणजे सी.एम.एल. नावाच्या रक्ताच्या कर्करोगात रुग्णांच्या पेशीत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा तोकडं होतं. त्याला नाव पडलं 'फिलाडेल्फिया गुणसूत्र'. गंमत म्हणजे पेशी फुगवण्याची युक्ती नॉवेल यांना नळाच्या साध्या पाण्याने पेशी धुतल्यामुळे सापडली होती! पण तोकडं झालेलं गुणसूत्र कर्करोगाचं कारण की परिणाम? आणि तुटलेला तुकडा गेला कुठे? बहुतेकांना वाटलं, हरवला असेल. अशीच दहा-बारा वर्षं गेली.

जॅनेटबाईही याच काळात रुग्णांच्या पेशी पाहत होत्या. पण त्या वेळचा रंग सपाट होता. सगळी गुणसूत्रं एकाच रंगाची, बिनकाठाची. इरकलीच्या घड्या अंधारात चाचपून ओळखाव्यात तसं ते काम. बरीच वर्षं हाती स्पष्ट असं फारसं लागलं नाही.

१९७० साली स्वीडनमधल्या कॅस्परसन आणि लोरे झेक यांनी नवा रंग आणला. मलेरियावरच्या एका जुन्या औषधाच्या कुळीतला. त्याने गुणसूत्रांवर चमकते आडवे पट्टे उमटू लागले. प्रत्येक गुणसूत्राचे पट्टे वेगळे, जसे प्रत्येक साडीचे काठ वेगळे. आता तुकडा कुठला कुणाचा, हे ओळखता येणार होतं. योगायोग असा की त्याच सुमारास नवऱ्याबरोबर बाईंना पुन्हा वर्षभर ऑक्सफर्डला जायचं होतं. पट्टे उमटवण्याची रीत त्या तिथे शिकल्या आणि शिकागोला घेऊन आल्या.

"शिंकू नका हं!"

१९७२ साल. शिकागोतल्या घरातलं जेवणाचं टेबल. फोटोंतली गुणसूत्रं कात्रीने एकेक कापून जॅनेटबाई टेबलावर मांडत आणि जोड्या लावत. कपटे इतके छोटे की मुलांना ताकीद असे, इथे शिंकायचं नाही! मुलं चिडवायची, एवढी मोठी झालीस तरी कागदाच्या बाहुल्या खेळतेस.

त्या बाहुल्यांच्या खेळात आधी एका तीव्र रक्तकर्करोगात ८ आणि २१ नंबरच्या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल झालेली दिसली. एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख परत पाठवला. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी सी.एम.एल.च्या रुग्णांचे फोटो घेतले. २२ नंबरचं गुणसूत्र तोकडं होतं, हे माहीतच होतं. पण पट्टे नीट पाहिल्यावर दिसलं की ९ नंबरच्या टोकाला काहीतरी जास्त चिकटलेलं आहे. एका रुग्णात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, तेच.

म्हणजे तुकडा हरवला नव्हताच! समजा, एका साडीचा पदर फाटून दुसरीला शिवला गेला आणि दुसरीचा पहिलीला. ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांमध्ये तसंच झालं होतं. १ जून १९७३ च्या 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात हे छापून आलं. बाई तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या आणि अजून अर्धवेळच काम करत होत्या. पूर्ण वेळ काम त्यांनी धाकटा मुलगा बारा वर्षांचा झाल्यावरच सुरू केलं.

त्या वेळी बऱ्याच तज्ज्ञांचं म्हणणं होतं की गुणसूत्रांची ही मोडतोड म्हणजे कर्करोगाचा परिणाम, कारण नव्हे. बाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा पुरावा वाढवला. १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका रक्तकर्करोगात १५ आणि १७ नंबरची अदलाबदल दाखवली. ठरावीक रोगात ठरावीक अदलाबदल, असं पुन्हा पुन्हा दिसू लागल्यावर मग लोकांना मानावंच लागलं.

टेबलावरून गोळीपर्यंत

या सगळ्याचा रुग्णाला उपयोग काय, हा प्रश्न मीही विचारला.

१९८० नंतरच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की ९ आणि २२ च्या चुकीच्या शिवणीवर दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात. त्यातून एक नवं प्रथिन तयार होतं. ते पेशीला सतत सांगत राहतं, वाढ, वाढ, वाढ. दारावरच्या घंटेचं बटण आत अडकून बसावं आणि घंटा वाजतच राहावी तसं. मग असं औषध शोधलं गेलं की जे नेमकं त्याच बटणाला धरून ठेवील आणि बाकीच्या घराला फारसा धक्का लावणार नाही. त्याचं नाव इमॅटिनिब. ओरेगॉनमधले डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी जून १९९८ मध्ये रुग्णांवर त्याची पहिली चाचणी सुरू केली. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

त्याआधी सी.एम.एल. झाला म्हणजे बहुतेकांच्या हाती थोडीच वर्षं उरत. बरं व्हायचं तर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं रोपण हाच मार्ग, आणि तो किती जणांच्या आवाक्यातला? आता रोग लवकर सापडला आणि गोळी नेमाने घेतली तर अनेकजण जवळजवळ इतरांइतकं आयुष्य जगतात.

आपल्या देशात या गोळीची आणखी एक लढाई झाली. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये लागत, तर इथल्या कंपन्यांच्या त्याच औषधाला ८ ते १० हजार. पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने मूळ कंपनीची मागणी फेटाळली. स्वस्त गोळी राहिली.

१५ आणि १७ च्या अदलाबदलीचीही अशीच चांगली गोष्ट झाली. त्या रोगावर शांघायच्या डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दशकात 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळीतलं औषध वापरून रुग्ण बरे करून दाखवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी त्याच रोगावर नुसत्या आर्सेनिकच्या औषधाने आलेले चांगले गुण २००६ साली प्रसिद्ध केले. म्हणून उद्यापासून कुणी 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरी आणून घेऊ नका बरं! ही औषधं रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांखालीच घ्यायची.

माहेरचा वारसा नव्हे

हे सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "जनुकाचा रोग म्हणजे आईबापांकडून आलेला. मग त्यावर औषध ते काय चालणार?"

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा, कारण हा गैरसमज फार घरांत आहे आणि त्याचे चटके बायकांनाच बसतात. आमच्याच इमारतीतल्या एका सुनेला चौतिसाव्या वर्षी सी.एम.एल. झाला. तिच्या सासूने हळदीकुंकवाच्या दिवशी चारजणींत सांगितलं, "माहेरून घेऊन आली हो!" ती बिचारी दोन वर्षं माहेरच्या माणसांना तोंड दाखवायला कचरत होती.

ही गोष्ट साफ चुकीची. गुणसूत्रांची ही अदलाबदल जन्माच्या वेळी नसते. आयुष्यात कधीतरी मज्जेतल्या एका पेशीत ती होते आणि त्या एकीपासून पुढच्या पेशी होत जातात. ती आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. 'जनुकीय' म्हणजे 'आनुवंशिक' असं प्रत्येक वेळी नसतं. हे वाक्य शक्य तर आपल्या घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आणखी दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. सी.एम.एल. पुष्कळदा सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासावं आणि पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसाव्यात, असं होतं. कधी थकवा, वजन उतरणं, रात्रीचा घाम, किंवा पोटात डाव्या बाजूला बरगडीखाली जडपणा आणि चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटणं अशा तक्रारी असतात. आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात, ऐन संसाराच्या दिवसांत दिसतो. गोळी सुरू असेल तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नये. उपासाच्या दिवशीही चुकवू नये. आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण गर्भावर या औषधाचा वाईट परिणाम होऊ शकतो.

आमच्या इमारतीतली ती सून आज नऊ वर्षं गोळी घेते आहे. गेल्या दिवाळीत तिनेच मला अनारशाचं पीठ दिलं.

आपल्याकडची एक बाई

तुम्ही म्हणाल, शिकागोच्या गोष्टी शिकागोत. तर आपल्या पुण्याच्या कमलाबाई रणदिवे यांची गोष्ट ऐका. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, पण मुलीचा ओढा पेशींकडे. लग्न १९३९ साली झालं आणि त्यानंतर १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या. विषय कोणता, तर सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! पुढे मुंबईत डॉ. खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाचं संशोधन करून १९४९ साली पीएच.डी. घेतली. आणि मग त्यांनीही हीच उमेदवारी केली. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र त्या शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईत तसल्या कामाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण मला त्यांचं दुसरं काम जास्त भावलं. १९७३ साली, म्हणजे ज्या वर्षी जॅनेटबाईंचा लेख छापून आला त्याच वर्षी, कमलाबाईंनी आपल्या सहकारी बायकांबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. त्या संघटनेने वाशीला काम करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवलं. बघा, शिकागोची बाई दाईचा पगार मागत होती आणि आपल्या बायकांनी पाळणाघरच उभारलं. दुखणं तेच होतं.

सरकारलाही ते उशिरा का होईना उमगलं. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून संसारामुळे कामात खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी खास योजना सुरू केली. तुमच्या घरात किंवा शेजारी एम.एस्सी., पीएच.डी. होऊन घरी बसलेली कुणी असेल तर तिच्या कानावर हे जरूर घाला.

मग आमच्याकडे काय ठरलं?

जावेची जागा शिकागोसारखी अर्धवेळ नाही. पूर्ण वेळेची आहे, आणि पेशींना रविवार कळत नाही. त्यामुळे वाटणीच करावी लागली. एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवडा मांडला.

आठवड्यातले तीन दिवस दुपार माझी. दोन दिवस बाळ जवळच्या पाळणाघरात. एक दिवस भावजी घरून काम करतात, तो त्यांचा. सकाळची न्याहारी आणि अंघोळ सासूबाईंची, पण त्यांच्या गुडघ्यांमुळे उचलून घेणं मामंजींचं. "आमच्या वेळी असं नव्हतं," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा स्वतःच हसल्या.

आणि माझं काय? त्या दिवशी मी मनातली टोचणी बोलून दाखवली. भांडण म्हणून नव्हे. नुसतं सांगितलं, की माझं एम.ए. राहिलं तेव्हा असं कॅलेंडर कुणी मांडलं नव्हतं. खोली गप्प झाली. सासूबाई बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "तेव्हा मला सुचलं नाही गं." एवढंच. पण मला ते पुरलं. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. जाऊ म्हणाली, "वहिनी, रविवारचं स्वयंपाकघर माझं. तुम्ही मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणा."

मला हे पुरतं जमेल का, ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात बाळाला ताप आला आणि जाऊ दाराशी चपला घालून उभी राहून रडली. मीही दुपारी कंटाळले, चिडले. अशा दिवशी जॅनेटबाईंची आठवण काढून काही थर्मामीटरचा पारा उतरत नाही. पण एक समजलं. जॅनेट राउली यांना पुढे १९९८ चा लास्कर पुरस्कार मिळाला, २००९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळालं. म्हातारपणीही त्या सायकलवरून प्रयोगशाळेत जात. १७ डिसेंबर २०१३ रोजी त्या ८८ व्या वर्षी गेल्या. हे सारं त्यांच्या हुशारीचं खरंच. पण १९६२ साली कुणीतरी त्यांच्या तीन दिवसांना 'हो' म्हटलं होतं, आणि त्यांच्या गैरहजेरीत घरी कुणीतरी मुलांना जेवू घालत होतं. त्या सांभाळणाऱ्या बाईचं नाव मला कुठल्या लेखात आढळलं नाही.

म्हणून तुमच्या घरात अशी एखादी सून, जाऊ, नणंद, लेक हातात पत्र घेऊन उभी राहिली, तर लगेच 'बाळाचं काय' असं म्हणू नका. आधी कॅलेंडर मागवा. आणि वाटणी करताना स्वतःसाठीही एक रविवार मागून घ्या, लाजू नका.

हे मी जेवणाच्या टेबलावरच लिहिते आहे. आज माझी दुपार आहे. बाळ झोळीत झोपलंय आणि शेजारी एम.ए.चा फॉर्म आहे. फोटो तेवढा चिकटवायचा राहिलाय. थोरला शाळेतून आला की आधी सांगायचं आहे, इथे शिंकू नकोस!